खाऱ्या वाऱ्यातला पीएलसी

श्रीवर्धनला कशाला गेला होतात, असं कुणी विचारलं आणि मी "पीएलसी निवडायला" असं उत्तर दिलं, की समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे बघतो आणि सरळ माशांबद्दल विचारायला लागतो. त्याचं काही चुकत नाही. श्रीवर्धनला लोक समुद्रासाठी जातात, सुपारीच्या बागांसाठी जातात. मीही दोन्ही बघितलं. पण परत आल्यावर मनात राहिला तो तिथला एक बर्फाचा कारखाना, आणि तो चालवणारी माणसं.

पीएलसी म्हणजे कारखान्याच्या पॅनलमध्ये बसवलेला छोटासा संगणक. तापमान किती, दाब किती, टाकीत पाणी किती, हे तो सतत वाचत राहतो आणि आपण आधी लिहून ठेवलेल्या हुकमाप्रमाणे मोटारी चालू-बंद करतो. आमच्या सांगलीकडच्या साखर कारखान्यांत हे डबे बसवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. श्रीवर्धनच्या पुढे खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांची एक सोसायटी आहे. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे घडलेल्या गोष्टीवरून कुणी त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही.) त्यांच्या कारखान्यातला पीएलसी जुना होऊन लहरी वागायला लागला होता आणि ते मॉडेल बनवणं कंपनीने कधीच थांबवलं होतं. नवा कुठला घ्यायचा यावर सोसायटीत दोन तट पडले होते. ज्याला काही विकायचं नाही असा माणूस त्यांना हवा होता, आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने माझं नाव सुचवलं.

खरं सांगायचं तर निवड मी घरूनच करून निघालो होतो. एक मोठी परदेशी कंपनी आहे. तिचे पीएलसी मी डोळे मिटून बसवतो. जायचं, मापं घ्यायची, शिफारस लिहायची आणि उरलेल्या वेळात समुद्र बघायचा, असा माझा बेत होता.

श्रीवर्धन

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. थंडीचे दिवस होते, पण कोकणातल्या थंडीला आमच्याकडे कुणी थंडी म्हणणार नाही. उतरलो ते बापटबाईंच्या घरी. बाई निवृत्त शिक्षिका. घरामागे समुद्राच्या दिशेने त्यांची सुपारीची वाडी. झाडं इतकी सरळ आणि इतकी जवळजवळ, की आत शिरलं की ऊन चिरफळ्या होऊन खाली पडल्यासारखं दिसतं. अंगणात सुपारी वाळत घातलेली होती आणि तिचा ओलसर, तुरट वास सगळ्या घरभर होता.

जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि ताक. ज्वारीची भाकरी आम्ही बुक्कीने फोडलेल्या कांद्याबरोबर खातो. तिला एक रांगडेपणा असतो. ही तांदळाची भाकरी मऊ, पांढरीशुभ्र, रुमालासारखी घडी घालता येईल अशी. मी तिसरी मागितली तेव्हा बाईंना बरं वाटलं.

मी कशासाठी आलोय हे ऐकून त्या म्हणाल्या, "बघा हो नीट. इथे लोखंड टिकत नाही. कुलपंसुद्धा आम्ही पितळेची घेतो. फ्रिज घेतला तर त्याचे पाय आधी जातात."

मी हसून मान डोलावली. ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

बर्फाचा कारखाना

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यावर गेलो. बोटी नुकत्याच लागल्या होत्या. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन उतरत होत्या, लिलावाचा गलका चालला होता, आणि या सगळ्याच्या मधोमध पत्र्याची एक उंच शेड धडधडत उभी होती. आत मिठाच्या पाण्याची अवाढव्य टाकी. तिच्यात लोखंडी साचे बुडवून ठेवलेले, आणि साच्यांत गोडं पाणी. अमोनिया वायूच्या जोरावर टाकीतलं पाणी गारठतं आणि साच्यांतल्या पाण्याची लादी होते. एक लादी बाहेर आली की एक माणूस तिला आकडीने नुसतं टोचतो आणि ती उतारावरून आपणहून घसरत बरोबर दारात उभ्या टेम्पोशी थांबते. मी कितीतरी वेळ ते बघतच उभा राहिलो.

"पावणं, लादी बघायला आलाव का डबा?" मागून आवाज आला.

या मुक्ता चोगले, सोसायटीच्या अध्यक्ष. सगळं गाव त्यांना मुक्तामावशी म्हणतं. साठीच्या आसपासच्या, काष्टा मारलेल्या, केसांत अबोलीचा गजरा. लिलावात त्यांनी बोट वर केलं की भाव थांबतो, हे मी त्याच सकाळी पाहिलं होतं.

"मला त्यातलं काय बी कलत न्हाय," त्या म्हणाल्या, "पन बरफ न्हाय तर मासली न्हाय, येवडं कलतं. तुमी डबा सांगा, आमी घेतो."

कारखाना चालवणारे करीमभाई. शांत, उंच, पांढरी दाढी, बोलणं हळू. त्यांनी पॅनलचं दार उघडलं आणि मला बापटबाईंची पितळेची कुलपं आठवली. तांब्याच्या तारांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज. स्क्रूंची डोकी झिजून गोल झालेली. पीएलसीच्या एका बाजूला बारीक पांढरी पूड साठली होती. बोट लावून चाखली असती तर खारट लागली असती.

"यातला प्रोग्राम बघू," मी म्हणालो.

"बघता येत नाही साहेब. ज्याने बसवला त्याने त्याला पासवर्ड घातला आणि तो माणूस गायब झाला. आता हा आतमध्ये काय विचार करतो, ते अल्ला जाणे. पूर्वी दाब वाढला की दाबाचा स्विच स्वतः मशीन बंद करायचा. डबा बसवणारी मंडळी आली, म्हणाली तो जुना प्रकार काढा, आता सगळं डबा बघेल."

अमोनियाचा दाब प्रमाणाबाहेर गेला तर वायू दाबणारा कॉम्प्रेसर ताबडतोब थांबलाच पाहिजे. ते काम एकट्या पीएलसीवर सोपवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दुपारी जेवण झालं की आधी तेवढं दुरुस्त करायचं, असं मी करीमभाईंना सांगितलं.

जेवण व्हायचंच होतं तोवर घात झाला. बाहेर वायू निववायला थंड पाणी फिरवणारा पंप बंद पडला. दाबाचा काटा चढायला लागला. पीएलसीने ते ओळखलं, पडद्यावर लाल अक्षरं आली, कॉम्प्रेसर थांबवण्याचा हुकूमही सुटला असणार. पण डब्याच्या आतला, वीज जोडणारा-तोडणारा छोटा संपर्क गंजून, जळून चिकटून बसला होता. हुकूम सुटला आणि मशीन चालूच राहिलं. छपरावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हने फुस्सकन तोंड उघडलं आणि डोळ्यांत सुया टोचाव्यात तसा अमोनियाचा वास खाली आला.

करीमभाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. नाकाला ओला रुमाल लावून ते सरळ मुख्य स्विचकडे गेले आणि त्यांनी दांडा खाली ओढला. धडधड थांबली. मी धावत बाहेर आलो तर मुक्तामावशी रस्त्याच्या मधोमध उभ्या. त्यांनी पदराचं टोक वर धरून वारा कुठला ते बघितलं होतं आणि त्या ओरडत होत्या, "दर्याकडं चला! घरात कुनी ऱ्हाऊ नका! नामदेवबाबाला उचला रे!" कुणी आरडाओरड केली नाही, कुणी सामान घ्यायला मागे वळलं नाही. कारखान्यापाठची अख्खी आळी ओली फडकी तोंडावर धरून वाऱ्याच्या उलट अंगाला, पुळणीवर जाऊन बसली. अंथरुणाला खिळलेल्या नामदेवबाबांना दोघांनी खाटेसकट आणलं. थोडा खोकला आणि डोळ्यांची आग, यावर निभावलं. व्हॉल्व्ह बंद झाला, वाऱ्याने वास नेला, आणि बायका तिथेच बसून कुणाच्या चुलीवर काय करपलं याची चौकशी करायला लागल्या.

मी मात्र मागे वळून त्या आळीकडे बघत होतो. साखर कारखान्याभोवती शेतं असतात. इथे भिंतीला भिंत लागून घरं होती, आणि त्या घरांत पाळणे होते.

संध्याकाळपर्यंत मी आणि करीमभाईंनी मिळून पहिलं काम उरकलं. अडगळीतून जुना दाबाचा स्विच शोधला, तपासला, आणि कॉम्प्रेसरच्या तारेतच थेट जोडून टाकला. आता डबा काहीही म्हणो, दाब वाढला की वीज तुटणार. चिकटलेला संपर्क बदलून कारखाना कामापुरता चालू केला.

त्यानंतर लिलावाच्या शेडमध्ये माणसं जमली. अर्धे म्हणत होते, डबाच नको, पूर्वीसारखी बटणं बसवा. अर्धे म्हणत होते, सर्वांत भारी परदेशी डबा आणा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सकाळी माझ्याकडे उत्तर तयार होतं. आता मला तो हिरवा गंज दिसत होता.

"मला एक दिवस द्या," मी म्हणालो. "समुद्राकाठी हे डबे खरोखर चालवणाऱ्या कुणाला तरी भेटून येतो."

"एकटं कशाला जाता?" मुक्तामावशी म्हणाल्या. "आमी बी येतो."

उरण

पहाटे सोसायटीच्या जीपमधून मुक्तामावशी, करीमभाई आणि मी असे तिघे निघालो. उरणला बंदराजवळच्या एका शीतगृहात रसिका घरत नावाची इंजिनीयर आहे. मघाशी सांगितलेल्या सहकाऱ्यानेच तिचं नाव दिलं होतं. कंटेनरच्या ट्रेलरांची रांग ओलांडून, उरल्यासुरल्या मिठागरांच्या कडेने तिच्या दारात पोहोचलो.

तिशीची, चटपटीत, हेल्मेट काखेत. घरची मिठागरवाली. वडिलांचं आगर आता राहिलं नाही, भाऊ ट्रेलर चालवतो, आणि ही हजारो टन मासळी आणि फळं गार ठेवणारं यंत्र सांभाळते. तिने आम्हाला चहाआधी एका भिंतीसमोर नेलं. भिंतीवर खिळ्यांना मेलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं टांगली होती, शिकाऱ्याच्या घरात शिंगं टांगतात तशी.

"सर, हा बघा. दोन पावसाळे पण नाय टिकला," ती एकेकावर बोट ठेवत म्हणाली. "हा तुमच्या आवडीच्या कंपनीचा. चांगलाय, वाईट बोलणार नाय मी. आतमध्ये एसी रूममध्ये आमची मेन लाइन त्याच्यावरच चालते, एकदम मस्त. पण जेट्टीवर, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला ना, की संपला."

"मग जेट्टीवर काय आहे?"

तिने आम्हाला बाहेर नेलं. समुद्राच्या तोंडावर उभ्या असलेल्या फायबरच्या पेटीत एक छोटा पीएलसी होता. आपल्याच देशात बनणारा, दिसायला अगदी साधा. सोसायटीकडे दोन कंपन्यांची दरपत्रकं आली होती; त्यांतल्या दुसऱ्यात हेच नाव होतं आणि मी ते बाजूला ठेवलं होतं. त्याच्या कार्डांवर पारदर्शक लाखेसारखा पातळ थर दिलेला होता, खारी हवा आत शिरू नये म्हणून. पेटीला रबराची किनार होती. डब्याचा संपर्क थेट मोठ्या यंत्राला जोडलेला नव्हता. मध्ये एक स्वस्तातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा वेगळा स्विच होता. जळला तर तो जळेल आणि करीमभाईंसारखा कुणीही तो हाताने बदलू शकेल.

मी प्रश्नांची सरबत्ती केली. वेग किती, मेमरी किती, तापमान मोजण्यात फरक किती पडतो. तिने सगळ्याची उत्तरं दिली आणि जिथे तो डबा कमी पडतो तेही सांगितलं. साखर कारखान्याला तो पुरला नसता. बर्फाच्या कारखान्याला पुरून उरला असता. एकाच विद्येतली दोन माणसं भेटल्यावर जो आनंद होतो, तो मला त्या खारट वाऱ्यात मनापासून झाला.

मुक्तामावशी आता पुढे झाल्या. त्यांनी रसिकाचा हात धरला. "पोरी, हे सगलं ऱ्हाऊ दे. तुझ्या आईच्या घराला लागून कारखाना असता, तर तू कुठला बसवला असतास?"

रसिका हसली नाही. तिने विचार केला. "मावशी, ज्याचा माणूस फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी दारात येईल, त्याचा. ह्याचं सामान पनवेलला दुकानात मिळतं. आणि प्रोग्राम उघडा पाहिजे, कुलूप नको. तुमच्या माणसाला वाचता आला पाहिजे."

"वाचता येईल?" करीमभाईंनी मला विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात उत्सुकता होती.

"शिडीसारखा काढलेला असतो," मी म्हणालो. "एकेक पायरी म्हणजे एकेक हुकूम. शेजारी मराठीत लिहून देईन."

पाली

परतताना वाकणहून आत वळून पालीला गेलो, कारण मुक्तामावशींची भाची तिथे दिली आहे. मावशी बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन आल्या, आणि भाचीच्या सासरच्यांनी आम्हाला शेतावर नेलं. तिथे पोपटी लावली होती. आमच्याकडे हुरडा असतो, तसा रायगडात हा प्रकार. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मीठ भरायचं, मडकं उलटं ठेवून भोवती पाचोळा पेटवायचा. मडकं फोडल्यावर जो वास येतो त्याला मला शब्द सापडत नाही. मी हुरड्याचा अभिमानी माणूस, पण त्या संध्याकाळी शेंगा सोलता सोलता थोडा डळमळलो. मिठाच्या अंदाजावरून करीमभाई आणि यजमान यांच्यात छोटासा वाद झाला आणि दोघांनी मिळून माझं ताट भरलं.

"पीएलसी म्हंजे काय ओ?" भाचीच्या सासऱ्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात मुक्तामावशीच बोलायला लागल्या. "राखनदार हाय तो. काटा बगतो, पानी बगतो, मशीन चालवतो. पन राखनदाराला बी डुलकी लागते ना? म्हनून दाराला येगली कडी पायजे. ती कडी कुनाचं ऐकत न्हाय. दाब वाढला की खट. आमच्याकडं ती कडीच काढून टाकली व्हती."

वर्षानुवर्षं नव्या इंजिनीयरांना मी हीच गोष्ट फळ्यावर आकृत्या काढून शिकवत आलोय. यापुढे आकृतीच्या आधी मी मावशींची कडी सांगणार आहे.

त्या रात्री पालीलाच राहिलो. सकाळी श्रीवर्धनच्या वाटेवर मी माझी शिफारस सांगितली: देशी छोटा डबा, थर दिलेली कार्डं, बंद पेटी, मध्ये रिले, आणि दाबाचा स्विच कायम वेगळा. प्रोग्राम सोसायटीच्या मालकीचा, कुलपाशिवाय. सभेत यावर बराच काथ्याकूट झाला. बटणंवाले म्हणाले, पुन्हा डबाच का? त्यांना करीमभाईंनी उत्तर दिलं. "मी आता म्हातारा होतोय. रोज प्रत्येक काट्यावर माझी नजर राहील याची कसम मी खाऊ शकत नाही. राखणदार पाहिजे. फक्त तो काय करतो ते मला दिसलं पाहिजे." त्यावर शिफारस मंजूर झाली.

पुन्हा एकदा

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपायच्या सुमारास मी दुसऱ्यांदा गेलो. बोटी रंगवून, डांबर लावून तयार होत्या. जाळी दुरुस्त होऊन दारोदार ढीग लागले होते. बंदीच्या महिन्यांत नवं पॅनल बसलं होतं. पनवेलचा माणूस खरोखरच दुसऱ्या दिवशी येतो, हे करीमभाईंनी दोनदा खोटं कारण काढून बोलावून तपासलं होतं. पडद्यावरच्या शिडीच्या पायऱ्या ते बोट ठेवून वाचत होते. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. साचे बाहेर काढायच्या आधी थोडा वेळ जास्त हवा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. तो बदल त्यांनीच माझ्यासमोर केला.

मी निघायच्या तयारीत होतो, तर मुक्तामावशी पाठच्या आळीतल्या बायकापुरुषांना घेऊन दारात हजर.

"त्या दिवशी झालं तसं करून दाखवा," त्या म्हणाल्या. "आमच्या म्होरं. मंगच बरफ घेऊ."

मला तो आग्रह फार आवडला. करीमभाईंनी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं. मी संगणकावरून पीएलसीला मुद्दाम चुकीचा हुकूम दिला: काहीही झालं तरी कॉम्प्रेसर चालूच ठेव. मग करीमभाई फिरतं पाणी हळूहळू कमी करत गेले. दाबाचा काटा चढायला लागला. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायच्या खूप आधी यंत्र थांबायला हवं होतं. तसं आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं, हिशेब केलेला होता, तरीही करीमभाईंचा एक हात मुख्य स्विचच्या दांड्यावर होता. मावशी काट्याच्या अगदी समोर उभ्या होत्या. त्यांना मागे व्हा म्हणायची कुणाची टाप नव्हती.

खट.

अख्खी शेड गप्प झाली. बाहेरच्या लाटा ऐकू यायला लागल्या. दारातल्या लोकांना कळेना, झालं ते चांगलं की वाईट. ते एकमेकांची तोंडं बघत राहिले.

"बंद पडला," मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "बंद पडला म्हंजे बरोबर ना?"

"हो मावशी. बंद पडला म्हणजेच बरोबर."

त्यांनी आळीतल्या माणसांकडे बघून मान हलवली. कुणीतरी सुस्कारा सोडला, कुणी हसलं. करीमभाईंनी दांड्यावरचा हात काढून चेहऱ्यावरून फिरवला.

"मंग चालू करा की!" मावशी ओरडल्या. "परवा होऱ्या दर्यात जायाच्यात. बघत काय बसलाव?"

करीमभाईंनी पाणी सोडलं, मी तो खोटा हुकूम काढला, आणि कॉम्प्रेसर पुन्हा धडधडायला लागला.